दुसऱ्याच्या मरणांतून आलेलें हृदय



कांहीं वर्षांपूर्वीं आंबेगांव तालुक्यांत घोड नदीच्या कांठच्या एका लहानशा वस्तीवर आम्ही उपासनेसाठीं गेलों होतों. उपासना आटोपली, दानाची थैली फिरून आली, मंडळी उठून बाहेर गेली, तरी एक बाई चटईवर बसूनच राहिली. तिचा मुलगा तेवीस वर्षांचा. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचे क्रेट पोंचविणारी गाडी तो चालवीत असे. आतां त्यास दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. पुण्याच्या डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं, औषधांनीं व्हावयाचें तेवढें झालें. दुसरें हृदय मिळालें तरच हा वांचेल. त्याचें नांव यादींत घातलें होतें. बाई आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, मी देवापाशी काय मागू? काळीज मिळू दे म्हणू, तर कुणाचं तरी पोरगं मरू दे असंच मागणं झालं की. आणि न मागू, तर माझंच जातंय."

आम्हीं तिच्यासह प्रार्थना केली. त्या प्रार्थनेंत काय मागितलें तें आज आम्हांस स्मरत नाहीं. आणि स्मरत नाहीं याचें कारण असें कीं, आम्हीं तिच्या प्रश्नास बगल देऊन चार गोड शब्द बोललों होतों. सेमिनरींत आम्हांस नीतिशास्त्र शिकविलें, युद्धाविषयीं, शपथेविषयीं, व्याजाविषयीं वाद घातले. हा प्रश्न कोणीं विचारिला नव्हता. तेव्हांपासून तो आमच्या मनांत घोळत आहे, आणि आपल्या मंडळ्यांतील इतर सेवकांपुढेंही तो केव्हां तरी येईल, म्हणून येथें लिहीत आहों.

प्रथम रोगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण आपल्या वस्त्यांवर त्याविषयीं फार गैरसमज आहेत. हृदय म्हणजे मुठीएवढा एक स्नायू. तो दिवसांतून सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावून रक्त साऱ्या देहांत लोटतो. हा स्नायू कोणाचा एखाद्या तापानंतर, कोणाचा वंशपरंपरेनें, कोणाचा दारूनें, तर कोणाचा कांहींच कारण न सांपडतां सैल पडतो. वाचकांपैकीं जे वृद्ध आहेत त्यांस मोट आठवत असेल. कातडें जुनें होऊन फाटूं लागलें म्हणजे मोट दिसावयास तेवढीच, पण थारोळ्यांत पडणारें पाणी अर्धें. हें हृदय तर दिसावयास पहिल्याहून मोठें होतें आणि पाणी मात्र तसेंच अर्धें. रोगी उताणा निजला कीं गुदमरतो, म्हणून उशीवर उशी रचून बसूनच रात्र काढितो. पाय सुजतात, बोटानें दाबिले तर खळगा राहतो. ह्या मुलास प्रथम दम्याचें औषध दिलें गेलें. मग कोणी करणी म्हणाले. आणि लिहावयास लाज वाटते कीं, अंगाऱ्याची पुडी आणून देणारें घर आपल्याच मंडळींतील होतें.

जातां जातां आणखी एक गोष्ट सांगून ठेवितों. हृदय बिघडण्याची दुसरी एक वाट गरिबांच्या मुलांत फार आढळते. मुलाचा घसा दुखून ताप येतो, दोनतीन आठवड्यांनीं सांधे सुजतात, एक सांधा बरा होतो तों दुसरा धरतो. लोक म्हणतात, वाढत्या वयाचें दुखणें आहे. परंतु हा ताप सांधे सोडून देतो आणि हृदयाच्या झडपा धरून बसतो. अशा मुलास डॉक्टरांनीं दर तीन आठवड्यांनीं पेनिसिलीनचें इंजेक्शन घ्यावयास सांगितलें असेल, तर मूल बरें दिसूं लागलें म्हणून तें बंद करूं नये. शाळामास्तर व बायबलबाई यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

एका मनुष्याचें हृदय काढून दुसऱ्या मनुष्याच्या छातींत बसविण्याचें काम प्रथम ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत केप टाउन येथें डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं केलें. हे डॉक्टर पाळकाचे पुत्र. त्यांचे वडील बोफर्ट वेस्ट गांवीं मिश्रवर्णी लोकांच्या मंडळीची सेवा करीत, आणि त्यांचा एक मुलगा, म्हणजे डॉक्टरांचा भाऊ, लहानपणींच हृदयाच्या रोगानें वारला होता. तो पहिला रोगी १८ दिवस जगला. पुढें दोनच महिने लोटले, आणि फेब्रुवारी १९६८ मध्यें मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तेंच धाडस केलें. आशिया खंडांत तें पहिलेंच. रोगी अवघे तीन तास जगला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत दुसरा प्रयत्न झाला. तो रोगी चौदा तास जगला. त्यानंतर आपल्या देशांत पंचवीस वर्षांहून अधिक काळ हें काम थांबलें.

तें थांबलें तें हाताच्या कौशल्याच्या उणिवेनें नव्हे. मनुष्याचा देह परक्यास ओळखतो, आणि परक्या हृदयाचाही तो नाश करावयास उठतो. हा विरोध आवरणारें चांगलें औषध नॉर्वे देशांतील एका माळावरच्या मातींत सांपडलेल्या बुरशीपासून निघालें, आणि १९८३ सालीं अमेरिकेंत तें देण्यास मान्यता मिळाली. आपल्याकडे १९९४ सालीं अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, व त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. वेणुगोपाल यांनीं बसविलेलें हृदय टिकलें. तो रोगी पुढें पुष्कळ वर्षें जगला. बरोबर एकवीस वर्षांनीं, ३ ऑगस्ट २०१५ रोजीं, पुण्याच्या जहांगीर रुग्णालयांत मृत झालेल्या एका स्त्रीचें हृदय तिच्या घरच्यांनीं दिलें. पोलिसांनीं रस्ते मोकळे केले, विमानानें तें मुंबईस गेलें, आणि मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयांत डॉ. अन्वय मुळे व त्यांचे सहकारी यांनीं तें बदलापूरच्या २२ वर्षांच्या एका तरुणाच्या छातींत बसविलें. एवढी धांवपळ कां, तर बाहेर काढिलेल्या हृदयास सुमारें चार तासांच्या आंत पुन्हां रक्त मिळालें पाहिजे. परळच्या त्या तीन तासांनंतर ४७ वर्षांनीं मुंबईंत हें काम पुन्हां सुरू झालें, आणि आमच्या वस्तीवरच्या बाईस डॉक्टरांनीं आशा दिली ती ह्याच वाटेची.

आतां तिच्या प्रश्नाकडे वळूं.

२०१४ सालचा जून महिना कोरडा गेला. भाताचीं रोपें पिवळीं पडूं लागलीं आणि आपल्या मंडळ्यांतून पावसासाठीं प्रार्थना झाल्या, आम्हींही केल्या. जुलैंत पाऊस आला, आणि ३० जुलैच्या सकाळीं आपल्याच तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर खचून दीडशेंच्या वर माणसें चिखलाखालीं गेलीं. त्यानंतर एका तरुण प्रचारकानें आम्हांस विचारिलें होतें, "साहेब, आपणच मागितलेल्या पावसानें हें केलें ना?" आम्हीं त्यास म्हटलें, आपण पाऊस मागितला, दरड मागितली नाहीं. तें उत्तर तेव्हां पुरलें. परंतु ह्या बाईपुढें तें पुरेना. पाऊस दरडीवांचूनही येतो. हृदय मरणावांचून येत नाहीं. एक मागितलें म्हणजे दुसरें मागितल्यासारखेंच होतें, हें त्या निरक्षर बाईनें आमच्याआधीं पाहिलें होतें.

जुन्नरकडील एका वृद्ध बंधूंपाशीं आम्हीं ही गोष्ट काढिली, तेव्हां त्यांनीं दाविदाची कथा पुढें केली. दावीद रणांत असतां, बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचें पाणी कोणी पाजील तर किती बरें होईल, असें तो बोलून गेला. तेव्हां तिघे वीर पलिष्ट्यांची फळी फोडून तें पाणी घेऊन आले. पण दावीद तें प्याला नाहीं. प्राणावर उदार होऊन गेलेल्या माणसांचें हें रक्तच आहे, असें समजून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतलें. वृद्ध बंधू म्हणाले, "ज्यानें पाणी नाकारिलें तो देवाच्या मनासारखा मनुष्य. मग आपण हृदय घ्यावें हें कसें?"

ही हरकत हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, आणि आम्ही तिच्याशीं बरेच दिवस झगडलों. शेवटीं आम्हांस दिसलें तें असें: ते तिघे दाविदाच्या शब्दासाठीं मरणांत शिरले होते, त्यानें तोंड उघडिलें नसतें तर ते गेलेच नसते. ज्याचें हृदय रोग्यास मिळतें तो रोग्यासाठीं मरत नाहीं. तो पुणें-नाशिक रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून, अथवा डोक्यांतील रक्तवाहिनी फुटून, आपल्याच वाटेनें गेलेला असतो. रोग्याच्या आईनें प्रार्थना केली म्हणून तो गेला नाहीं, आणि तिनें न केली म्हणून तो राहिलाही नसता. शिवाय, परमेश्वरापुढें ओतलेलें पाणी अर्पण होतें. मातींत पुरलेलें हृदय कोणाचें अर्पण व्हावें?

येथें कित्येक जण विचारतील कीं, हृदय चालत असतां तो मनुष्य मेला हें कशावरून? ही भीति साहजिक आहे, म्हणून कायदा काय म्हणतो तें सांगतों. ज्याच्या मेंदूचें काम पूर्णपणें व कायमचें संपलें त्याचा श्वास केवळ यंत्रानें चालतो, आणि त्या श्वासावर हृदय कांहीं काळ चालत राहतें. अशा मनुष्यास चार डॉक्टरांनीं, निदान सहा तासांच्या अंतरानें दोन वेळां तपासून, तो मृत झाला असें लिहून द्यावें लागतें. आणि हृदय बसविणाऱ्यांपैकीं एकही त्या चौघांत चालत नाहीं. इतकें झाल्यावरही घरच्यांची संमति लागते. "नाहीं" म्हणण्याची त्यांस पूर्ण मोकळीक असते, आणि त्याबद्दल त्यांस कोणी जाब विचारूं शकत नाहीं.

ह्या संमतीपाशीं आम्ही थांबलों, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथेंच सांपडलें. मरण आणि हृदय ह्या दोहोंच्यामध्यें एक घर उभें आहे. त्या घरांतील माणसें रुग्णालयाच्या बांकावर बसलेलीं आहेत. मुलाची छाती वरखालीं होतांना दिसते, हात ऊन लागतो, आणि डॉक्टर सांगतात कीं तो गेला. अशा घटकेला, ज्याचें तोंड आपण कधीं पाहणार नाहीं अशा परक्याच्या मुलाची आठवण त्यांनीं धरावयाची! मनुष्याच्या स्वभावांत हें नाहीं. देवाच्या कृपेवांचून हें घडावें तरी कसें? तर मग प्रार्थनेचें ठिकाण तें आहे. मरण आपण मागूं नये, आणि मागण्याचें कारणही नाहीं. ह्या जगांत तें न मागतां येतें. परंतु ज्या घरावर ती रात्र येईल त्या घरास बळ दे, त्यांच्या दुःखांत त्यांस सोडूं नको, आणि त्यांच्या मनांत देण्याचें आलें तर त्यांचा हात आवरला जाऊं देऊं नको, इतकें मागण्यास कोणत्याही आईस संकोच नको. आधीं त्या घरासाठीं, मग आपल्या मुलासाठीं.

आम्ही पुन्हां वस्तीवर गेलों आणि बाईस हें सांगितलें. तिनें ऐकून घेतलें. पुढें थोडा वेळ तिनें पदराचें टोंक बोटाला गुंडाळलें आणि सोडिलें. मग म्हणाली, "आणि माझाच आधी गेला, तर त्याचे डोळे तर चांगले आहेत ना, साहेब?"

ह्या प्रार्थनेचें हें दुसरें टोंक आहे, हें आम्हांस सुचलें नव्हतें. दुसऱ्याच्या घरासाठीं जें मागावें तें आपल्या घरास लागू होतें. कोणी बंधू म्हणतील कीं, देह अपुरा पुरला तर पुनरुत्थानाच्या दिवशीं काय होईल? करिंथकरांस लिहितांना पौलानें पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला आहे, आणि तो आपल्यासारख्या शेतकऱ्यांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. ज्यांस समुद्रानें गिळिलें, ज्यांस आगीनें जाळिलें, ज्यांस माळीणच्या चिखलानें परत दिलें नाहीं, त्यांस उठविणाऱ्यास एका हृदयाची अडचण पडेल काय? डोळ्यांचें दान तर घरीं मरण आलें तरी करितां येतें; सहा तासांच्या आंत नेत्रपेढीस कळविलें पाहिजे, इतकेंच.

दुसऱ्या वर्षीं फेब्रुवारींत एका रात्रीं त्या घरीं रुग्णालयांतून फोन आला. शस्त्रक्रिया झाली. मुलगा वांचला.

खर्चाविषयीं न लिहावें असें वाटतें, पण न लिहिलें तर हा लेख खोटा होईल. कित्येक लक्ष रुपये लागले. दोन एकर जमीन गहाण पडली, धर्मादाय संस्थांनीं हात दिला, मंडळीनें आपल्या परीनें दिलें, आणि तरीही औषधें जन्मभर घ्यावयाचीं आहेत. दरिद्र्याच्या घरांतून हृदय जाऊं शकतें. दरिद्र्याच्या घरांत तें येणें दुष्कर. ही गोष्ट आम्हांस बोंचते, आणि तिचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

तो वस्तीवर परत आला तेव्हां लोकांनीं त्यास काय विचारावें? दुखतें काय, जेवण जातें काय, हें मागाहून. पहिला प्रश्न असा कीं, "काळीज कुणाचं? कोणत्या लोकांतलं?" त्यास ठाऊक नव्हतें. देणाऱ्याचें नांव घेणाऱ्यास सांगत नाहींत. हृदय कोणास द्यावयाचें हें ठरवितांना रक्ताचा गट पाहतात, शरीराचें माप पाहतात, अंतर पाहतात, कोणाचा रोग किती पुढें गेला तें पाहतात; जात पाहण्यासाठीं त्या कागदावर रकानाच नसतो.

ह्यावरून केप टाउनची दुसरी शस्त्रक्रिया आम्हांस आठवली. २ जानेवारी १९६८ रोजीं डॉ. बर्नार्ड यांनीं फिलिप ब्लायबर्ग नांवाच्या गोऱ्या दंतवैद्याच्या छातींत क्लाइव्ह हॉप्ट नांवाच्या २४ वर्षांच्या तरुणाचें हृदय बसविलें. हॉप्ट मिश्रवर्णी होता. त्या देशाचा कायदा तेव्हां असा होता कीं, गोऱ्यांच्या बांकावर त्यानें बसूं नये, त्यांच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यानें पाय ठेवूं नये, त्यांच्या वस्तींत त्यानें राहूं नये. तो जिवंत असतां जेथें जाऊं शकत नव्हता तेथें त्याचें हृदय गेलें, आणि सुमारें १९ महिने तेथें चाललें. पुष्कळांनीं ह्यावर तेव्हां लिहिलें. पण कायदा त्यानंतरही वर्षानुवर्षें तसाच राहिला. आपल्या आजोबांच्या ओंजळींत पाणी वरून ओतीत असत, हें आपणांपैकीं अनेकांनीं त्यांच्याच तोंडून ऐकिलें आहे. म्हणून ज्या वस्तीवर तो प्रश्न विचारिला गेला त्या वस्तीची आम्हांस फार लाज वाटली. आणि मग हेंही आठवलें कीं, ख्रिस्ती घराण्यांत सोयरीक जुळवितांना पूर्वींचें कूळ हळूच विचारणारे लोक आमच्या स्वतःच्या मंडळींत आहेत, आणि आम्हीं आजवर त्यांस उघडपणें कांहीं बोललों नाहीं.

दुसरा प्रश्न त्या मुलाच्या चुलतीचा होता, आणि तो भाबडा असला तरी विचार करण्यासारखा आहे. हृदय दुसऱ्याचें, तर माया कोणाची? आतां हा आपल्या आईस आई समजेल काय? आपली भाषाच असा प्रश्न सुचविते. आपलें काळीज तुटतें, काळीज फाटतें, हृदयास पाझर फुटतो. पवित्र शास्त्रांतही प्रीति, कपट, पश्चात्ताप हीं सर्व हृदयाच्याच ठायीं सांगितलीं आहेत.

ह्याचें उत्तर त्या मुलानेंच आम्हांस दिलें, आणि तें असें. शस्त्रक्रियेच्या वेळीं हृदयाच्या मज्जा तुटतात; त्या पूर्वींसारख्या जुळत नाहींत. म्हणून नवें हृदय मेंदूचा हुकूम ताबडतोब ऐकत नाहीं. बसल्या जागींही तें इतरांपेक्षां जलद चालतें. आणि धांवावयास लागलें असतां मागाहून वेग घेतें, कारण निरोप रक्तांतून पोंचावा लागतो. एके दिवशीं संध्याकाळीं उंसाच्या कडेनें येत असतां त्यास बिबट्या दिसला. आपल्या भागांत ह्याचें नवल नाहीं. त्याच्या अंगावर कांटा आला, गुडघे लटपटले, जीभ टाळूस चिकटली. पण छाती शांत होती! बिबट्या उंसांत गेला, हा झपाझप चालत घराच्या अंगणांत पोंचला, आणि तेथें आईनें पाण्याचा तांब्या हातांत दिल्यावर छाती धडधडूं लागली, ती बराच वेळ थांबेना. तो हंसत म्हणाला, "साहेब, भ्यालो मी, त्याला नंतर कळलं."

तर भय जेथें उपजतें तें स्थान निराळें. माया उपजते तेंही निराळें. यहेज्केल संदेष्ट्यानें दगडाचें हृदय जाऊन मांसाचें हृदय मिळण्याविषयीं जें सांगितलें आहे तें कोणत्याही रुग्णालयांत मिळत नाहीं. हा मुलगा आपल्या आईस पूर्वींप्रमाणेंच ओळखतो, आणि विहिरीच्या पाळीवरून थोरल्या भावाशीं पूर्वींप्रमाणेंच भांडतो. ह्या दुसऱ्या गोष्टीविषयीं आम्हीं त्यास दोनदां बोललों आहों.

पण एका बाबतींत तो निराळा झाला आहे. तो अधूनमधून गप्प बसतो. रोज सकाळीं व रात्रीं नेमलेल्या वेळीं गोळ्या घेतल्या पाहिजेत. चुकल्या तर देह त्या हृदयावर उठेल. प्रत्येक वेळीं त्यास आठवतें कीं, हें आपलें नव्हे. एकदां त्यानें विचारिलें, "साहेब, कर्ज काढलं तर सावकाराचं नाव ठाऊक असतं. हे मी कुणाला फेडू?" आम्ही सेवक लोक अशा वेळीं घाईनें म्हणतों, प्रभूस फेड. आम्हींही तेंच म्हणणार होतों. परंतु त्याच्या तोंडाकडे पाहून तो शब्द गिळला. प्रभूनें आपल्यासाठीं दिलेला प्राण त्यानें जाणूनबुजून दिला. ज्याचें हृदय ह्या मुलाच्या छातींत आहे तो कदाचित् बाजारांत निघाला असेल, त्यास पाहुण्यांकडे जावयाचें असेल; मरण त्यानें पत्करिलें नव्हतें. दोहोंस एकच म्हणणें हें त्या मृताचा आणि ख्रिस्ताचाही अपमान होय. दिलें तें त्याच्या घरच्यांनीं, आणि त्यांस ह्याचें नांव ठाऊक नाहीं. ज्याची परतफेड होऊं शकत नाहीं असें ऋण अंगावर वागवीत जगावें लागतें. दोन वेळां गोळी घेणें, शरीराची निगा राखणें, दारूस न शिवणें, हेंच त्याचें व्याज. अशा शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक माणसें दहा वर्षांच्या पुढें जगतात. त्यापुढें किती, हें ह्यास ठाऊक नाहीं. तसें आपणांसही आपलें ठाऊक नाहीं.

शस्त्रक्रियेस वर्ष भरलें तेव्हां मंडळीच्या पंचांनीं ठरविलें कीं, उपकारस्तुतीची उपासना करावी आणि सर्वांस जेवण घालावें. बुंदीचें सामानही मंचरहून आणिलें. आदल्या दिवशीं ती बाई आमच्याकडे आली आणि म्हणाली कीं, उपासना करा, पण गोड करूं नका. आम्हीं कारण विचारिलें. ती म्हणाली, "उद्या त्या घरी वर्षश्राद्ध असेल."

पंचांस ही गोष्ट सांगितली तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. बुंदीचें सामान परत गेलें. दुसऱ्या दिवशीं भाकरी, आमटी व वांग्याची भाजी झाली. उपासनेंत आम्हीं प्रथम त्या अज्ञात घरासाठीं प्रार्थना केली; तें घर कोणत्या धर्माचें, कोणत्या गांवचें, हें आम्हांस ठाऊक नसल्यामुळें प्रार्थनेंत जागा रिकाम्या राहत होत्या आणि आमची जीभ अडखळत होती. मुलगा डोळे मिटून मागच्या भिंतीशीं बसला होता, तोंडावर त्याचा नेहमींचा फडका. आमेन झाल्यावर बाईनें आम्हांस बाजूला बोलावून विचारिलें, नांव न घेतां केलेली प्रार्थना बरोबर त्याच घरीं पोंचते ना? आम्हीं होय म्हणालों. मग ती भाकऱ्या वाढावयास गेली.